थर्मासातलं मीठ

चिंधू वरठ्याला आईच्या आधी वळूचा वास कळला, असं आमच्या करंजडोहात लोक चेष्टेनं बोलत. त्यात चेष्टा थोडी आणि खरं जास्त. आईबाप एकाच साथीत गेले, तेव्हा पोर रांगत होतं. राहीबाई मावशीनं त्याला उचलून आणलं ते थेट आपल्या कुडाच्या घरात. कुडाच्या एका अंगाला ही दोघं झोपायची, दुसऱ्या अंगाला पाड्याचा वळू. मधल्या कारवीच्या काठ्या शेणानं सारवलेल्या, पण थंडीत वळूची ऊब अलीकडं यायची. पोर त्या बाजूला तोंड करून झोपायचं.

करंजडोह म्हणजे बोईसरहून उगवतीला निघालं की डोंगराच्या पायाशी लागणारा पाडा. खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरईची उतरती जमीन. पावसात बैल पोटापर्यंत चिखलात उभा राहतो. असल्या चिखलात टिकतात ती आमचीच जनावरं. बुटकी, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, कातडीला तेलकट ओल, पाऊस अंगावरनं निथळून खाली. दूध म्हणाल तं वासराला पुरून वाटीभर. पण आमच्याकडं गाय दुधासाठी ठेवतच नव्हते. गाय ठेवायची बैल होण्यासाठी.

आणि बैल व्हायला वळू लागतो. तो पाड्याचा, कुणा एकाचा नाही. राखायचा मान राहीबाईच्या नवऱ्याकडं होता, तो मेल्यावर दोर तिच्या हातात आला. बाईच्या हातात वळू, म्हणून सुरुवातीला लोक हसले. नंतर त्याच लोकांनी गाई तिच्या दारात आणून बांधल्या. झोडणी झाली की घरटी सूपभर भात तिच्या अंगणात पडायचा. वळूचं नाव काबऱ्या. गाईवरनं तो उतरला की राहीबाई तांब्याभर थंड पाणी गाईच्या पाठीवर ओतायची, शेपटीच्या मुळाशी थाप मारायची आणि बोलायची, "जा बाय, पोटात ठेव." ते पाणी पडल्याशिवाय गाय घरी न्यायची नाही, अशी रीत.

मग तारापूरला अणुविजेचं काम निघालं. किनाऱ्याला डंपर फिरायला लागले, कुठकुठल्या मुलखातली माणसं पत्र्याच्या खोपटात येऊन राहिली, आणि त्या सगळ्यांना चहा लागायचा. चहाला दूध. सरकारनं ठरवलं, इथल्या गाई दुधाच्या करायच्या. बोईसरच्या वाटेवर एक शेड उभी राहिली, तिच्यात घाटावरचा एक तरुण डॉक्टर आला, रामनाथ नावाचा. त्याला जनावर धरणारा माणूस हवा होता. चिंधू चौथीपर्यंत शिकलेला, आणि त्याच्या हाताखाली माजलेलं जनावरही उभं राहायचं. खाकी चड्डी, सायकल आणि रुंद तोंडाचा थर्मास मिळून चिंधू सरकारी माणूस झाला.

डॉक्टर पाड्यात आले, जिव्या कारभाऱ्याच्या अंगणात खाटेवर बसून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. मुंबईकडच्या मोठ्या गोठ्यात विलायती वळू ठेवलेत. त्यांचं बीज काढतात, अंड्याच्या बलकात कालवतात, काचेच्या नळ्यांत भरून बर्फात घालतात आणि गाडीनं पाठवतात. इथं ते गाईच्या पोटात सोडायचं. एका वळूच्या एका उडीत गावच्या गाव गाभण.

जिव्या कारभारी विडी चावत बोलला, "म्हंजे नवरा मुंबईला, नवरी करंजडोहात, आन् लगीन पार्सलानं?"

अंगण हसलं. कारभाऱ्याची बायको मंगळी, जिची जीभ नवऱ्याहून तिखट, ती कुडाआडून बोलली, "बलक घालतात तं गाय वासरू देणार का अंडं उबवत बसणार, तेवढं इचारून घ्या."

डॉक्टरही हसले. मग त्यांनी अट सांगितली. गावठी वळू मोकळे राहिले तर गाई त्यांच्याकडंच जाणार, मग योजनेला अर्थ नाही. तेव्हा आधी पाड्यापाड्यातल्या वळूंना चिमटा लावून खच्ची करायचं.

सगळ्यांचे डोळे राहीबाईच्या घराकडं गेले आणि तिथनं फिरून चिंधूवर आले.

घरी मावशी भाकरी थापत होती. ती मागं न बघता बोलली, "तुझा डॉक्टर काय बोलतो, नळी चुकत नाय?"

"नाय चुकत, मावशे. शिकलेली मानसं हायत."

"काबऱ्या चुकला तं दुसऱ्या दिशी परत चढतो. नळी चुकली तं कुनाला चढवशील, डॉक्टरला?"

"वासरं पयल्यापेक्षा दुप्पट होतील. दुधाची चरवी भरंल."

"मना दूध नको. औताला काय जुंपशील ते सांग."

थर्मासची झाकणी फिरवताना, डॉक्टरच्या मागं चालताना त्याची छाती जरा पुढं यायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तो पाड्यासमोर उभा राहून बोलला, "गाई गाभन राहतील. नाय राहिल्या तं मना इचारा." त्याच्या तोंडून आलं म्हणून लोकांनी मानलं. वळूच्या कुडाशी वाढलेलं पोर, ते वळूविषयी खोटं कशाला बोलेल?

चिमट्याच्या दिवशी बाकीच्या पाड्यांतले वळू दोरांनी पाडावे लागले, माणसं फरपटली. काबऱ्याला दोर लागलाच नाही. चिंधू पुढं चालला आणि त्याच्या वासावर काबऱ्या वासरासारखा मागं आला. त्यानं कपाळ चिंधूच्या पोटाला लावलं, आणि मागनं डॉक्टरनं चिमटा मिटला. रक्ताचा थेंब नाही. आत काहीतरी सुकी काटकी मोडावी तसं झालं, एकदा, आणि दुसऱ्या अंगाला पुन्हा एकदा. काबऱ्या खाली बसला. डोळे चिंधूकडंच.

राहीबाई दारात उभी होती. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. "आता पाड्यात वासरू हंबरलं तं माझ्या कानाला सांगा," एवढं बोलली आणि आत गेली. हे वाक्य तेव्हा सगळ्यांनी ऐकलं आणि पुढं सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

काम सुरू झालं. पार्सल बोईसर स्टेशनात उतरायचं. चिंधू नळ्या कापसात गुंडाळून थर्मासात घालायचा आणि सायकल मारायचा. उन्हाचे दिवस. मुंबईहून निघालेला बर्फ बोईसरपर्यंत पाणी होऊन जायचा. डॉक्टरनं बजावलं होतं, ऊब लागली की बीज मेलं, बर्फ कमी पडू देऊ नको. आता बर्फ आणायचा कुठनं? बोईसरच्या बाजारात चिंचणीच्या मासळीवाल्या बसत. त्यातल्या जमनाकडं बर्फाची पेटी असायची.

जमना मोठ्या तोंडाची आणि मोठ्या मनाची बाई. चिंधूनं थर्मास पुढं केला तसा तिनं आत डोकावून बघितलं.

"यात काय नेतोस रे? पापलेटाची पिल्लं?"

"वळूचं बीज हाय."

"अगो बाय." ती शेजारणीकडं वळली. "ऐकलास? वळू आता थर्मासात बसतो. आमच्या घरातला कधी बसायचा?" बायका पदर तोंडाला लावून खिदळल्या. चिंधू कानापर्यंत लाल झाला.

जमनानं बर्फ फोडून थर्मास भरला. मग पेटीच्या कोपऱ्यातनं मिठागरातलं जाडं मीठ मूठभर घेतलं आणि वरनं पेरलं. "घे. नुसता बर्फ उनात रडतो. मीठ लावलं का चावतो. आमचा बोंबील मेलेला, तरी दोन दिस ताजा राहतो तो उगाच काय? तुझं तं जितं हाय."

चिंधूनं बोट आत घातलं. खरंच बर्फ चावला. बोट काचेला चिकटलं. त्याला वाटलं, बस, आता काम झालं. गार चांगलं, तर जास्त गार जास्त चांगलं. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला मासळी कळते आणि डोंगरातल्या माणसाला गाय कळते. थर्मासात काय चाललंय ते दोघांनाही कळत नव्हतं. ते फक्त रामनाथ डॉक्टरला कळत होतं, आणि त्यांना कुणी मिठाचं बोललं नव्हतं.

पाड्यात पोचेतो नळीतलं बीज थिजून पांढरं झालेलं असायचं. चिंधूनं घरात थिजलेलं तूप बघितलं होतं. चांगलं तूपच थिजतं. डॉक्टर गाईपाशी बाह्या वर करून तयारी करायचे, तोवर हा नळी मुठीत धरून मोकळी करायचा, पुसायचा आणि अदबीनं पुढं करायचा. डॉक्टरला वाटायचं, किती नेटका माणूस मिळाला.

पहिली गाय कारभाऱ्याची. डॉक्टरचं काम झाल्यावर मंगळी सवयीनं गाय घेऊन राहीबाईच्या दारात गेली. "पानी घाल, मावशे."

राहीबाई जात्यावरनं उठली नाही. "ज्याचं बीज त्यानं पानी घालावं."

"असं काय करतेस? रीत हाय."

"रीत वळूची होती. वळू तो बघ, चरतोय." कुंपणापलीकडं काबऱ्या मान खाली घालून चरत होता. अंगानं भरला होता, पण समोरनं गाय गेली तरी मान उचलत नव्हता.

त्यानंतर कुणीही गाय नेली, राहीबाईनं तांब्या उचलला नाही. चिंधूनं तिला हात जोडले. "माझ्यासाठी घाल, मावशे. मी शब्द दिलाय." ती बोलली, "शब्द तुझा. पानी माझं."

पुढल्या माजाला कारभाऱ्याची गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. शेजारची उलटली. रखमाबाईची उलटली. डॉक्टर बोलले, सुरुवातीला असं होतं, तुम्ही गाय उशिरा आणता, माज सकाळी दिसला तर दुपारपर्यंत आणा. लोकांनी लवकर आणली, तरी उलटली. डॉक्टर बोलले, खुराक कमी पडतो. लोकांनी पोरांच्या तोंडची पेज गाईला पाजली. उलटली. चिंधू दर खेपेला बर्फ जास्त घालायचा, आणि जमना मीठ जास्त घालायची. "नाय राहत? मंग गारवा कमी पडत असंल, थांब," असं बोलून ती मूठ दाबून भरायची. बिचारीचं मन साफ.

पावसाळा आला आणि गेला. त्या वर्षी करंजडोहात एका गोठ्यात वासराची चाहूल नव्हती. आजूबाजूच्या पाड्यांतले वळूही खच्ची, तेव्हा गाय न्यायची कुठं? लोकांनी मनातल्या मनात हिशेब केला, आपला बैल आणखी किती वर्षं ओढेल, त्याच्या जागी कोण येणार. तोंडानं कुणी बोलेना. आणि तोंडानं जे बोलत नाहीत ते मग कुजबुजून बोलतात. 'वासरू हंबरलं तं माझ्या कानाला सांगा.' कोण बोललं होतं? पाणी घालायला कोण नाही बोललं?

भाताची झोडणी झाली. राहीबाईच्या अंगणात एकही सूप आलं नाही. तिच्याकडं विस्तव मागायला पोरं येईनात. ती पाणवठ्यावर आली की बायका हंडे उचलून बाजूला होत. भुताळी, म्हणजे चेटूक करणारी, हा शब्द अजून कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता, पण ठेवणीतला कोयता कुठं आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं, तसा तो होता.

असं चाललं असताना एका दुपारी डॉक्टरला घाई होती. चिंधू नळी काढून देईल याची वाट न बघता त्यांनी स्वतः थर्मास उघडला. नळ्यांवर बर्फाचा पांढरा थर चढलेला. त्यांनी एक नळी उजेडात धरली, तिरकी केली. आतलं हललं नाही. मग बोट थर्मासातल्या पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

"हे खारट कसं?"

"मीठ, साहेब," चिंधू उत्साहानं बोलला. "बर्फ कडक राहतो."

डॉक्टर शेडच्या पायरीवर बसले. मग बोलले, "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासनं, साहेब. एकदाबी चुकलो नाय."

"चिंधू, ह्याला गारवा लागतो, गोठवण लागत नाही. मिठानं बर्फ इतका थंड होतो की बीज गोठून मरतं. आपण वर्षभर मेलेलं घालत होतो." नळी खाली ठेवून ते हळू आवाजात पुढं बोलले, "हे कुणाला सांगू नकोस. वर कळलं तर तुझी नोकरी जाईल, माझी चौकशी लागेल आणि केंद्र उठेल. मग इथं ना हे राहील ना ते. उद्यापासून साधा बर्फ. झालं ते झालं."

चिंधू संध्याकाळी घरी गेला आणि कुडाला टेकून बसला. मग त्यानं मावशीला सगळं सांगितलं. मीठ, जमना, मुठीत धरलेल्या नळ्या, सगळं. "तुझं काय नाय त्यात, मावशे. देवाचंबी नाय. मिठाचं हाय. मी उद्या पाड्याला सांगतो."

राहीबाईनं ऐकलं. चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"गप बस," ती बोलली.

"का?"

"काबऱ्याला चिमटा लावला, त्याचा तळतळाट लागला म्हणून गाई राहत नायत, असं आख्खा पाडा बोलतोय. लोक भितात त्याला आता. तू बोलतोस मिठानं झालं. मिठानं झालं तं उद्या मीठ नाय टाकायचं, सगळं सुरळीत. मंग माझा काबऱ्या कशात गेला? फुकट?"

"तुना भुताळी बोलतील, मावशे. हाकलतील."

"हाकलू दे. तू मना हाकलायला कुठं बाकी ठेवलंस?"

कारभाऱ्याच्या अंगणात पाडा बसला. भगतानं सुपात तांदूळ टाकून बघितले, दाणे जोडीनं सरकवले, आणि मान वर न करता बोलला, "बाईमानूस हाय. जनावराजवळची."

चिंधू उभा राहिला. डॉक्टरनं नाही सांगितलं होतं, मावशीनं नाही सांगितलं होतं, तरी उभा राहिला. आयुष्यात तो एवढा एकदाच धीट झाला असेल. "मी केलं. माझ्या थर्मासात मीठ होतं. मिठानं बीज मेलं."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. पहिल्यांदा मंगळी हसली.

"मीठ? अरे, मिठानं दृष्ट उतरते. पोराला बरं नसलं तं मीठ ओवाळतो आपन. आन् तू बोलतोस मिठानं मारलं?"

"डॉक्टर बोलले."

"डॉक्टर वर्सभर बोलतोय गाय राहील. राहिली का?"

जिव्या कारभारी माणूस वाईट नव्हता. तो समजुतीनं बोलला, "पोरा, मावशी हाय तुझी, तुना वाचवावं वाटतं. कुनालाबी वाटंल. पण खोटं बोलायचं तं जरा पटंल असं बोल. मिठामुळं तं उलट तिचं फावलं नाय. मीठ नसतं तं गाईबी मेल्या असत्या." माना हलल्या. ते सगळ्यांना पटलं. चिंधूनं केलेल्या चुकीचं तिथंच पुण्य होऊन गेलं.

मग कारभाऱ्यानं राहीबाईला विचारलं, "तू सांग. पोर बोलतो मीठ. तू काय बोलतेस?"

चिंधू तिच्याकडं बघत होता. एक शब्द बोलली असती, नुसती मान हलवली असती, तर अर्धा पाडा तरी थांबला असता. मारायला कुणालाच नको होतं. कारण हवं होतं.

राहीबाईनं पदर डोक्यावरनं नीट केला. "पोराला काय कळतं? मीच केलं."

तिला कुणी हात लावला नाही. भ्यायले. सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर जायला सांगितलं, ती दुपारीच गेली. गोधडी आणि पाण्याचा तांब्या, दोनच वस्तू तिनं घेतल्या. कुंपणाशी काबऱ्या उभा होता, त्याच्याकडं बघितलं, चिंधूकडं नाही.

ती बोईसरजवळच्या सरावलीला एका झोपडीत राहिली. घाटावरच्या बायकांच्या टोळीबरोबर तारापूरच्या कामावर खडी वाहायची. चिंधू सायकलवरनं तांदूळ घेऊन जायचा. ती तांदूळ घ्यायची, त्याला बस बोलायची नाही. एकदाच तिनं विचारलं, "काबऱ्या औताला चालतो का?"

"चालतो."

"मंग उपाशी नाय मरायचा," ती बोलली आणि पाटी उचलून गेली. त्यानंतर चिंधूचं तिकडं जाणं कमी झालं. कामच वाढलं होतं. साध्या बर्फानं गाई राहायला लागल्या होत्या.

सगळ्यांत आधी कारभाऱ्याची गाय व्याली. पाडा लोटला. वासरू पिवळटतांबडं, उंच पायांचं, गोंडस. नर होता. मंगळी अंगणभर मिरवत होती, आणि जिव्या कारभारी मात्र वासराच्या खांद्यावरनं पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. शेवटी त्यानं विचारलं, "चिंधू, याचं वशिंड कुठं हाय?"

"विलायती वळूला नसतं, कारभारी."

"मंग जू कुठं ठेवायचं?"

तेवढ्यात वासरू हंबरलं आणि लोक हसले. चिंधूनं सायकल काढली आणि सरावलीला गेला. कशासाठी, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. झोपडीत दुसरीच बाई भात रांधत होती. ती बोलली, "ती म्हातारी व्हय? पावसात तापानं गेली की. आम्हीच जाळली. तुमी तिचे कोण?"

चिंधूनं तांब्या मागितला. बाई बोलली, तो फुटका होता, भंगारात दिला.

तो परत आला तर कारभाऱ्याकडं धावपळ चाललेली. वासरू दूध पीत नव्हतं. भुताळी गेली तरी तिची नजर राहिली, असं मंगळी बोलत होती. "बरा आलास. धर याला नीट, तुझ्या हाताखाली उभं राहतं."

चिंधूनं वासराच्या गळ्याखाली हात घातला. त्यानं कपाळ चिंधूच्या पोटाला लावलं. मंगळीनं मीठ-मोहरीची मूठ वासरावरनं ओवाळली, तोंडानं पुटपुटली आणि चुलीत टाकली. मीठ ताडताड उडालं.

"बघ," मंगळी बोलली. "केवढी लागली होती."

चिंधू वासरू धरून उभा राहिला. सोड म्हणाली तेव्हा सोडलं.